पॅच पाठवण्याआधी: नेटवर्कच्या कोडची तयारी

एखाद्या ओपन सोर्स नेटवर्क लायब्ररीला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवायचा असेल तर आधी तिचा रेपो (कोडचं भांडार) नव्याने क्लोन करा आणि एकही ओळ न बदलता सगळ्या टेस्ट चालवा. ज्या तेव्हाच लाल, म्हणजे नापास, आहेत त्यांची नावं टिपून ठेवा, नाहीतर दोन दिवसांनी त्यांचं पाप तुम्ही आपल्याच माथी घ्याल. मग युटिलिटीचा फोल्डर उघडून निवांत वाचा. बफर (डेटा तात्पुरता ठेवायची जागा) वाढवणारं, ॲड्रेस वाचणारं, वेळ मोजणारं फंक्शन जुन्या लायब्ररीत बहुतेक आधीच असतं. त्याचं चौथं भावंड जन्माला घातलंत तर मेंटेनरचा, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचा, पहिला शेरा त्यावरच येणार. नवं सार्वजनिक फंक्शन हवंच असेल तर इश्यू उघडून विचारा, कारण एकदा रिलीजमध्ये गेलं की त्याचं नाव आणि अर्ग्युमेंटांचा क्रम वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो. लायसन्स कुठलं आणि कोड किती जुन्या कंपायलरवर चालायला हवा, हे काँट्रिब्युटिंगच्या फाइलीत पाच मिनिटांत कळतं.

आता खरं काम. स्वतःच्या मशीनवरचं लूपबॅक, म्हणजे मशीनची स्वतःशीच असलेली जोडणी, फार गुणी पोर आहे: दिलेलं लगेच आणि बहुतेक वेळा अख्खं पोचवतं. त्यामुळे एकदा रीड केलं की संदेश पूर्ण आला, असं धरून चालणारा कोड तिथे बिनबोभाट पास होतो. टीसीपी (नेटवर्कवर डेटा नेणारा प्रोटोकॉल) मात्र बाइटांची धार आहे, तिच्यात संदेशांच्या सीमा नसतात. म्हणून पार्सर (बाइटांचा अर्थ लावणारा कोड) सॉकेटपासून, म्हणजे जोडणीच्या टोकापासून, वेगळा काढा आणि त्याला थेट तुकडे भरवा, प्रत्येक शक्य जागी तोडून. ‘नमस्कार’ हा शब्द यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत २१ बाइटांचा आहे: सात कोडपॉइंट (युनिकोडमधली चिन्हं), प्रत्येकी तीन बाइट. तो दोन तुकड्यांत तोडायच्या जागा २०, आणि त्यातल्या १४ जागी एखादा कोडपॉइंट मधेच तुटतो. हातात आलेल्या तुकड्याची लगेच स्ट्रिंग करणारा कोड या वीस फेऱ्यांच्या लूपमध्ये हमखास सापडतो. पाठवण्याच्या बाजूलाही तीच कथा. सेंडने किती बाइट घेतले तो आकडा परत येतो, आणि तो न पाहण्याची चूक आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलेली असते.

यात सुरक्षेचाही प्रश्न आहे. कर्ल या डेटा आणण्या-पाठवण्याच्या टूलमध्ये २०२० साली सॉक्स ५ प्रॉक्सीशी (मधल्या सर्व्हरशी) बोलणारा कोड उत्तराची वाट पाहत थांबणाऱ्या पद्धतीतून न थांबणाऱ्या पद्धतीत नेला गेला. होस्टनेम २५५ बाइटांहून लांब असेल तर ते प्रॉक्सीकडे न देता इथेच रिझॉल्व्ह करायचं (नावावरून पत्ता काढायचा), हा निर्णय एका लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवलेला होता. प्रॉक्सीकडून उत्तर यायला उशीर झाला की फंक्शन बाहेर पडायचं, पुन्हा आत आल्यावर व्हेरिएबल मूळ किमतीवर गेलेलं असायचं, आणि ते लांबलचक नाव बफरमध्ये न मावता बाहेर सांडायचं. दुरुस्ती आली ऑक्टोबर २०२३ मध्ये, ८.४.० आवृत्तीत. तुमच्या पॅचमध्ये स्टेट मशीन (टप्प्याटप्प्याने पुढे सरकणारा कोड) असेल तर प्रत्येक टप्प्यावर त्याला ‘अजून काही आलेलं नाही’ असं एकदा तरी सांगा, आणि परत आत शिरताना कुठली व्हेरिएबलं जगतात ते डोळ्यांनी तपासा.

टेस्टमध्ये पोर्टचा आकडा लिहू नका. शून्य पोर्टवर बाइंड करा, ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा पोर्ट देईल, तो तिला विचारून घ्या. मी एकदा ८०८० थेट लिहिला होता. टेस्ट एकामागून एक चालत होत्या तोवर सगळं छान. समांतर चालायला लागल्यावर कधी हिरवी, कधी लाल. मी शहाण्यासारखा दोन सेकंदांचा स्लीप (नुसतं थांबणं) टाकला, बिल्ड हिरवी झाली, आणि दुखणं फक्त पुढे ढकललं गेलं. स्लीप दिसला की समजा, कशाची तरी वाट नीट पाहिलेली नाही.

टाइमआउट मोनोटॉनिक, म्हणजे कधीच मागे न जाणाऱ्या, घड्याळावर मोजा; तारीख-वेळ दाखवणारं नेहमीचं घड्याळ मध्येच मागे-पुढे सरकतं. इथे एक खोड लक्षात ठेवा: सर्व्हरने लिसन केलं पण ॲक्सेप्ट केलंच नाही, तरी कनेक्ट यशस्वी होतं, कारण जोडणी कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) रांगेत पूर्ण होऊन बसते. म्हणजे गप्प बसलेल्या सर्व्हरवर रीडचा टाइमआउट तपासता येतो, कनेक्टचा नाही. त्यासाठी काही जण १९२.०.२.० ते १९२.०.२.२५५ यातला पत्ता वापरतात. आरएफसी ५७३७ या इंटरनेटविषयक दस्तऐवजाने हे पत्ते दस्तऐवजांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेत. पण एखादं नेटवर्क पॅकेट गिळतं, तर दुसरं तिथेच एरर परत पाठवतं. मी तरी कनेक्टचं फंक्शनच बाहेरून देता येईल असं ठेवतो आणि टेस्टमध्ये खोटं देतो.

ॲड्रेस वाचणाऱ्या फंक्शनला छळायला वेळ काढा. ०१० म्हणजे दहा की आठ? सी लायब्ररीतली जुनी फंक्शनं पुढचं शून्य पाहून आकडा ऑक्टल (आठच्या पायावरचा) मानतात, आणि १२७.१ हेही १२७.०.०.१ म्हणून स्वीकारतात. नको ते पत्ते अडवणारा फिल्टर एक अर्थ लावतो आणि जोडणी करणारा कोड दुसरा, की आतल्या सर्व्हरचं दार उघडं. पायथनच्या आयपी ॲड्रेस मॉड्यूलने २०२१ मध्ये, ३.९.५ पासून, पुढचं शून्य नाकारायला सुरुवात केली. पोर्टसाठी ०, ६५५३५, ६५५३६, उणे एक, रिकामी स्ट्रिंग आणि ८० च्या मागे चिकटलेली स्पेस, एवढं तरी घाला. बाइटांचा क्रम तपासायला ८०८० चांगला, उलटला की ३६८९५ होतो. २५७ मात्र उलटूनही २५७ च राहतो, तो निवडलात तर टेस्ट काहीच सांगणार नाही.

मग उरतं ते असं: सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) लावून एक फेरी, फझरला (वेडीवाकडी इनपुटं भरवणाऱ्या टूलला) रात्रभर मोकळं सोडणं, आयपीव्ही६ नसलेल्या कंटेनरमध्ये आयपीव्ही६ ची टेस्ट फेल न होता स्किप होते का ते पाहणं, आणि समोरच्याने जोडणी तोडल्यावर लिहायला गेलं तर सिगपाइप या सिग्नलने अख्खा प्रोग्रॅम मरत नाही ना, याची खात्री.

शेवटी तुमची दुरुस्ती काढून टाका आणि नवी टेस्ट चालवा. ती लाल व्हायलाच हवी. दुरुस्ती परत आणा, तीच टेस्ट शंभर वेळा फिरवा, चेंजलॉगमध्ये एक ओळ लिहा आणि मग पुल रिक्वेस्ट उघडा.