घरचं कुत्रं घरच्यांनाच चावतंय? या चुका टाळा

कुणाच्या घरी कुत्रं चावलं की मला फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "काय कारण नव्हतं ओ, एकदम चावलं." एकदम शक्यतो कुठलंच कुत्रं चावत नाही. आधी ते ताठ होतं, मान फिरवतं, ओठ चाटतं, डोळ्याचं पांढरं दिसायला लागतं, मग गुरगुरतं, आणि एवढं करूनपण कुणी ऐकलं नाही की दात लावतं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे गुरगुरल्यावर मारणं. कोल्हापुरात कसबा बावड्यात ओळखीच्यांकडं एक लॅब्रॅडॉर आहे, रविवारी मटण आलं की नळी त्याची ठरलेली. घरातल्या काकांनी मोबाईलवर कुठंतरी बघितलं की तोंडातलं खाणं काढून घेतलं की कुत्र्याला मालक कोण ते कळतं. झालं, दर रविवारी हाच खेळ, नळी द्यायची, जरा चघळायला लागलं की ओढून घ्यायची आणि गुरगुरलं की चप्पल. थोड्या दिवसांनी गुरगुरणं बंद झालं आणि काका गल्लीभर सांगत सुटले, "बघा, कसं सुतासारखं सरळ केलं." मग एका रविवारी आजी त्याच्या शेजारी पडलेली वाटी उचलायला वाकल्या. कुत्रं भुंकलं नाही, गुरगुरलं नाही, सरळ मनगट धरलं. वर काका म्हणतात कुत्रं फिरलंय! फिरलं नाही ओ, धोक्याची घंटा तुम्हीच काढून टाकली.

माझ्याकडं साधा नियम आहे, कुत्रं खाताना वेगळ्या खोलीत, दार लावून, आणि तिकडं कुणीच फिरकायचं नाही. तोंडातलं काय काढून घ्यायचंच असेल तर लांबनं उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायचा, ते तिकडं गेलं की मग उचलायचं. आणि रस्स्यातली नळी देऊच नका, शिजलेल्या हाडाच्या चिपा निघतात, घशात नाहीतर आतड्यात अडकतात, शिवाय कांदा-लसूण त्याला विषच. तांबडा-पांढरा तुम्ही ओरपा की!

इतकी वर्षं गरीब असलेलं कुत्रं अचानक चावायला लागलं तर ट्रेनर शोधत बसू नका, आधी जनावरांचा डॉक्टर. कान, दात, कंबर, काहीतरी दुखत असतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात लोंबत्या कानाच्या कुत्र्यांचे कान लई सडतात आणि नेमकं पोरं तेच कान ओढतात.

झोपलेल्याला हात लावून उठवू नका, हाक मारा. पोरांना मिठ्या मारू देऊ नका, फोटोसाठी तर अजिबात नको. दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं जास्तच चिडकं होतं. नसबंदी जरूर करा, पण तेवढ्यानं चावणं थांबेल या भरवशावर राहू नका. तोंडाला मझल, म्हणजे मुसकं, घालायचा तर जाळीचा, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, आणि त्याची सवय आत खाऊ ठेवून हळूहळू लावायची. "भावा, रविवारपर्यंत सुधारंल का?" विचारणाऱ्यांनी मासे पाळावेत. महिने लागतात.

चावल्यावर हळद, चुना, चटणी भरणारे अजून आहेत, कमाल आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कोल्हापुरात सीपीआर हा सरकारी दवाखाना आहे की. "घरचंच आहे, लस दिलीय" म्हणून घरात बसू नका, इंजेक्शन लागतंय का नाही ते डॉक्टर ठरवतील, आणि सुरू केलं तर डोस अर्धवट सोडायचे नाहीत. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस हाताला लागत नाही. कुत्र्यावर पण १० दिवस नजर ठेवायची, त्यामुळं रागाच्या भरात त्याला कुठं घालवू नका.

आणि "पन्हाळ्याच्या रस्त्याला सोडून येऊ का" विचारायला मला फोन करू नका. कुत्रं असं टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि भुकेलं, भ्यालेलं ते कुत्रं तिथं दुसऱ्या कुणाच्यातरी पोराला चावणार.