पिल्लं घरघरली की लगेच अँटिबायोटिक? या चुका टाळा

रात्री शेडमधून घरघर ऐकू आली की सकाळी पाण्याच्या टाकीत एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक पडतं. ब्रॉयलरवाल्यांची, म्हणजे मांसासाठी कोंबड्या पाळणाऱ्यांची, सगळ्यात महागात पडणारी सवय हीच.

बाटली उघडण्याआधी शेडमध्ये जा आणि पिल्लांच्या उंचीला उकिडवे बसा. डोळे चुरचुरले तर तो ओल्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया वायू. उभ्या माणसाला तो तितका जाणवत नाही, पिल्लं मात्र चोवीस तास त्यातच असतात. श्वासनळीचं अस्तर सोलवटतं आणि मग तिथे ई-कोलाय हा जंतू शिरतो. खाली अंथरलेलं मूठभर तूस दाबून बघा. गोळा होऊन तसाच राहिला तर ते ओलं आहे. पिल्लांच्या पाण्याची गळकी निप्पल बदला, ओलं तूस बाहेर काढा, थंडी असली तरी पडदे वरून वीतभर उघडे ठेवा. हे न करता औषध दिलं, तर ते संपताच घरघर परत येते.

मानमोडी आणि गंबोरो हे विषाणूंचे आजार. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, ते टाळायला लसच लागते. आणि पाण्यातून जिवंत लस पाजायच्या दिवशी टाकीत क्लोरीन नको, लस तिथेच मरते.

दुसऱ्या दिवशी पिल्लं तरतरीत दिसली म्हणून डोस अर्धवट सोडू नका. चिवट जंतू मागे उरतात, पुढच्या बॅचला तेच भेटतात. शिवाय कोंबडीखत शेतात पडतं, त्यातून ते आपल्या घरापर्यंत येतात.

कोलिस्टीन या अँटिबायोटिकचं नावच काढू नका. माणसाला दुसरं कुठलंच औषध लागू पडेनासं झालं की डॉक्टर शेवटी याच्याकडे वळतात. म्हणूनच जुलै 2019 मध्ये केंद्र सरकारने कोंबड्यांसाठी आणि त्यांच्या खाद्यासाठी ते बनवायला आणि विकायला बंदी घातली. वाढीसाठी म्हणून कुणी बिनलेबलाची पुडी दिली तर घेऊच नका, मग ती कितीही स्वस्त असो.

गाडी भरायच्या तोंडावर औषध चालू असेल तर ते बंद केल्यापासून लेबलवर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत माल देऊ नका. व्यापारी घाई करतो, खाद्याचा खर्च वाढतो, हे मान्य. पण ते मांस कुणाच्या तरी लेकराच्या ताटात जातं.

मरतुक वाढली तर औषधाचा पहिला डोस देण्याआधी दोन-तीन ताजी मेलेली पिल्लं बर्फावर ठेवून पशुवैद्यकांकडे किंवा प्रयोगशाळेत न्या. फ्रीजरमध्ये गोठवू नका. कोणतं औषध लागू पडेल ही तपासणी करा म्हणून स्पष्ट सांगा.