घरी अभंग रेकॉर्ड करताय? मोनो कुठे, स्टिरिओ कुठे आणि पॅन किती ते बघा

हेडफोन लावला की गाणं फक्त डाव्या कानात आणि उजवा कान ठार रिकामा, ही घरी रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्यांची नेहमीची तक्रार, आणि मग लोक केबल बदलतात, माइक बदलतात, दुकानदाराला फोन लावतात. बहुतेक वेळा केबल बिचारी चांगलीच असते. एका माइकचा आवाज स्टिरिओ इनपुटवर घेतलाय, एवढंच झालेलं असतं.

आपण एक साधा अभंग धरून चालू, गायक, पेटी, पखवाज, टाळ, मागे झील धरणारे तिघं आणि खाली तानपुरा. सामान म्हणजे दोन इनपुटवाला ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा) आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर. दुसरं काही वापरत असाल तर बटणं इकडेतिकडे असतील पण हिशोब तोच.

हिशोब असा की एक माइक म्हणजे एकच सिग्नल, म्हणजे मोनो. माइक कितीही महागाचा असू दे. स्टिरिओ तेव्हाच जेव्हा दोन वेगळे सिग्नल येतायत, उदाहरणार्थ कीबोर्डच्या डाव्या-उजव्या दोन आउटपुटमधून. (कीबोर्डला एकच केबल लावायची असेल तर ज्या जॅकवर एल आणि मोनो असं दोन्ही लिहिलेलं असतं त्यात लावा, दुसऱ्यात लावली तर अर्धाच आवाज मिळेल.)

आता रीपर उघडा, कंट्रोल पी दाबून प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, मग डिव्हाइस, आणि विंडोज असेल तर तिथे आसिओ (इंटरफेसशी थेट बोलणारा ड्रायव्हरचा प्रकार) निवडून आपल्या इंटरफेसचा ड्रायव्हर लावा. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, फाइल २४ बिट. या सेटिंगला मोनो रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण साडेआठ एमबी खातं आणि स्टिरिओ बरोब्बर दुप्पट, म्हणजे एका माइकसाठी स्टिरिओ घेऊन नुसती डिस्क भरते.

कंट्रोल टी दाबलं की नवीन ट्रॅक येतो. नाव लगेच द्या, "गायक", "पेटी" असं, नंतर ट्रॅक वाढले की शोधत बसावं लागतं. लाल गोल बटण दाबून ट्रॅक आर्म करा, म्हणजे रेकॉर्डिंगला तयार ठेवा, आणि इनपुटच्या मेनूत मोनो खाली इनपुट १ निवडा. त्याच मेनूत स्टिरिओखाली इनपुट १ आणि २ अशी जोडी असते, ती निवडली की इनपुट १ डावीकडे जातो, २ उजवीकडे, आणि २ मध्ये काहीच लावलेलं नसेल तर झालंच, एक कान रिकामा. एक गंमत सांगून ठेवतो, रीपरमध्ये मोनो ट्रॅक आणि स्टिरिओ ट्रॅक असे दोन प्रकारच नाहीत, प्रत्येक ट्रॅकला किमान दोन चॅनल असतात, त्यामुळे मोनो घेतलं तरी मीटरच्या दोन्ही पट्ट्या हलतात. घाबरू नका, बरोबर आहे ते.

आधीच एका कानात रेकॉर्ड करून बसला असाल तर परत गायची गरज नाही. ती क्लिप सिलेक्ट करा, एफ २ दाबा, चॅनल मोडमध्ये मोनो लेफ्ट करा, आवाज मधोमध येतो. मोनो डाउनमिक्स घेऊ नका, त्यात रिकामा उजवा चॅनलही मिसळला जातो आणि आवाज कमी होतो.

गेन, म्हणजे इंटरफेसवर माइकचा आवाज किती उचलायचा ते ठेवताना सगळ्यात जोरात गायलेली ओळ उणे १० डीबीच्या आसपास जाऊ दे, २४ बिटला तेवढी मोकळी जागा ठेवली तरी काही बिघडत नाही. कंडेन्सर माइक असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण चालू करा, त्या माइकला ती वीज लागते. आधी गायक इनपुट १ वर आणि पेटी इनपुट २ वर असे दोन वेगळे मोनो ट्रॅक एकदम आर्म करून कच्चा अभंग घ्या, मग बाकीचे तो हेडफोनवर ऐकत एकेक करून वाजवतील. स्पीकरवर लावून वाजवलंत तर तो आवाज माइकमध्ये शिरणार.

पखवाजावर जरा थांबू. शाईच्या तोंडाला एक माइक, कणीक लावलेल्या धुमेच्या तोंडाला दुसरा, दोन्ही मोनो, दोन वेगळ्या ट्रॅकवर. इथे एक घोळ होतो. शाईवर थाप पडली की ते कातडं आत दबतं, आतली हवा धुमेचं कातडं बाहेर ढकलते, म्हणजे एका माइकपासून कातडं लांब जातंय तेव्हाच दुसऱ्याच्या जवळ येतंय, आणि दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकले की आवाज पोकळ, बिनपोटाचा वाटतो. उपाय एका क्लिकचा आहे, कुठल्याही एका ट्रॅकवरचं फेज (आवाजाच्या लाटेची वर-खाली दिशा) उलटं करायचं बटण दाबा, शून्यावर तिरकी रेघ मारल्यासारखं दिसतं ते. बटण दाबून आणि न दाबता असं दोन्ही ऐका, ज्यात धूम भरदार लागते ते ठेवा. कानच सांगतो, पण हे पॅन करायच्या, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे सरकवायच्या आधी तपासा कारण दोन्ही ट्रॅक लांब लांब पॅन केले की हा पोकळपणा लपतो आणि मोबाइलवर परत उघडा पडतो.

आता पॅन. आधी सगळं मधोमध ठेवून फक्त आवाजांचे चढउतार जुळवा, मग पॅनच्या गोल बटणाला हात लावा. गायक मधोमध, यावर माझ्या मते चर्चा नको. धूमही जवळपास मधेच, कारण जड आवाज एका बाजूला गेला की गाणं कललंय असं वाटतं, शाई फार तर १५ टक्के उजवीकडे. पेटी ३० टक्के डावीकडे, टाळ ४० टक्के उजवीकडे. टाळ पूर्ण उजवीकडे नेऊ नका, हेडफोनवर कानात टोचतो. चुकलं तर बटणावर डबल क्लिक, परत मधोमध.

झीलच्या तिघांना एकाच माइकभोवती उभं करा आणि तीच ओळ दोनदा म्हणवून घ्या, दोन वेगळ्या मोनो ट्रॅकवर. एक ७० टक्के डावीकडे, एक ७० टक्के उजवीकडे, आणि तीन माणसांचा मेळा वाटायला लागतो. एकच टेक कॉपी करून दोन बाजूंना पाठवायचा शॉर्टकट बरेच जण करतात, त्याने काहीही रुंद होत नाही, दोन्ही कानात तंतोतंत तेच गेलं तर ऐकायला ते मधोमधच, फक्त जरा मोठं. दुसऱ्या टेकमधले मागेपुढे झालेले शब्द, श्वास, थोडासा वेगळा सूर, रुंदी त्यातून येते.

तानपुरा ॲपमधून स्टिरिओ फाइल काढली असेल तर ती सरळ ट्रॅकवर ओढून टाका आणि पॅन शून्यावरच राहू द्या. स्टिरिओ क्लिपवर पॅन फिरवला की रीपर मूळ सेटिंगमध्ये फक्त एका बाजूचा आवाज कमी करतो, पूर्ण डावीकडे नेलंत तर उजवीकडची तार गायबच होणार. बाजूला सरकवायचंच असेल तर पॅनच्या बटणावर राइट क्लिक करून ड्युअल पॅन निवडा, मग डावा-उजवा दोन्ही चॅनल वेगवेगळे हलवता येतात, एक ५० टक्के डावीकडे आणि दुसरा मधे असं काहीतरी करता येतं.

शेवटी मास्टरवरचं (जिथे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथलं) मोनो बटण दाबून पूर्ण अभंग ऐका, कारण बऱ्याचशा छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर आणि देवळातल्या कर्ण्यावर सगळं एकत्रच वाजणार आहे. झील एकदम मागे गेली तर तिचा आवाज थोडा वाढवा. मग मोनो बटण आठवणीने बंद करा, कंट्रोल ऑल्ट आर दाबून रेंडर, म्हणजे सगळं मिसळून एक फाइल काढायची खिडकी, उघडा आणि चॅनलमध्ये स्टिरिओ आहे ना बघा, तिथे मोनो राहिलं तर पॅनिंगची सगळी मेहनत त्या एका फाइलमध्ये सपाट होते. वेव्ह २४ बिटची एक फाइल जपून ठेवा, ग्रुपवर टाकायला एमपी३ वेगळी काढा.