कळा सुरू झाल्या पण दवाखान्याने घरी पाठवलं, तर काय करायचं?

पहिल्या वेळी मी सहा आठवडे अँटिनेटल, म्हणजे बाळंतपणाच्या तयारीच्या क्लासला गेले होते, अख्खी वही भरली, श्वास कसा घ्यायचा, जोर कधी लावायचा, बाळाला छातीशी कसं धरायचं, सगळं पाठ. आणि प्रत्यक्षात रात्री अडीचला कळा सुरू झाल्या, बॅग उचलून धावत दवाखान्यात गेलो, तपासलं आणि सिस्टर म्हणाल्या गर्भपिशवीचं तोंड जेमतेम एक बोट उघडलंय, घरी जा आणि झोपा. झोपा म्हणे! गाडीत बसून रडले मी. एवढं दुखतंय ते काय खोटं होतं का, यांना वाटलं का मी नाटक करतेय, आणि ही जर नुसती सुरुवात असेल तर पुढचं मला झेपणार कसं. त्यानंतर जवळजवळ वीस तासांनी बाळ झालं आणि त्या वीस तासांबद्दल माझ्या वहीत एक ओळ नव्हती.

तर हे त्या वीस तासांसाठी, खास करून पहिलटकरणींसाठी. मी डॉक्टर नाही, दोन बाळंतपणं झालेली बाई आहे. आधीचं सिझर असेल, जुळी असतील, बीपी-शुगर असेल, बाळ आडवं किंवा पायाळू असेल तर तुमचे नियम वेगळे, ते डॉक्टरांनाच विचारा आणि पुढचं नुसतं माहिती म्हणून वाचा.

आधी हे समजून घ्या की "एक बोट" म्हणजे काही झालं नाही असं नसतं. एक बोट म्हणजे अंदाजे दीड-दोन सेंटिमीटर. पण गर्भपिशवीचं तोंड सुरुवातीला लांबट, जाड आणि मागच्या बाजूला वळलेलं असतं, ते आधी मऊ पडतं, पुढे येतं, पातळ होतं आणि मग भराभर उघडायला लागतं. घट्ट गळ्याचा स्वेटर डोक्यातून घालताना आधी गळा ताणून पातळ होतो तसंच. म्हणजे तुम्ही रात्रभर कळा काढल्या आणि आकडा एकवरून दोनवर गेला तरी आत बरंच काम झालेलं असतं, ते मापात दिसत नाही एवढंच. मला हे कुणी तेव्हा सांगितलं असतं तर अर्धं रडणं वाचलं असतं.

आणि हे तोंड "तासाला एक सेंटिमीटर" उघडतं हा हिशोब डोक्यातून काढून टाका. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या इमॅन्युएल फ्रीडमन या डॉक्टरांनी बाळंतपणाचे आलेख काढले त्यावरून तो रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की काही बायकांसाठी हा वेग अवास्तव आहे, खरा जोमाचा टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरा, आणि त्याआधीच्या टप्प्याला ठरावीक वेळ नाही, प्रत्येकीचा वेगळा. कुठे ४ धरतात, कुठे ६. म्हणून शेवटच्या महिन्यातल्या तपासणीला हा प्रश्न नक्की विचारा: किती उघडल्यावर तुम्ही ॲडमिट करता? सोबत हेही विचारून घ्या की रात्री फोन कुणाला करायचा, घरी पाठवलं तर परत कधी यायचं, सोबत कोण थांबू शकतं, कळांमध्ये चालू फिरू देता का, खाऊ-पिऊ देता का, वेदना कमी करायला काय काय मिळतं आणि कुठल्या टप्प्यावर. क्लासवाल्यांनाही विचारा. बऱ्याच क्लासमध्ये सगळा भर लेबर रूमवर असतो, घरचा टप्पा दोन मिनिटांत उरकतात, आणि बायकांचा सगळ्यात जास्त गोंधळ नेमका तिथेच होतो.

आता खऱ्या कळा कुठल्या हे ओळखायचं कसं. शेवटच्या महिन्यांत पोट अधूनमधून दगडासारखं कडक होतं आणि सुटतं, त्या ब्रॅक्स्टन हिक्स, १८७२ मध्ये त्यांचं वर्णन करणाऱ्या इंग्लिश डॉक्टरचं नाव. त्या अनियमित असतात, पाणी प्यायलात, उठून फिरलात किंवा आडव्या झालात की बहुतेक वेळा थांबतात. खऱ्या कळा काहीही करा, थांबत नाहीत, हळूहळू जवळ येतात, लांबतात, जोर वाढतो, बऱ्याच जणींना कमरेतून सुरू होऊन पुढे येतात. पण मधे एक अवस्था असते, तासभर छान नियमित येतात आणि मग गायब, दुसऱ्या रात्री परत. वैताग येतो खरा, पण असं होतं, तुमचं काही चुकलेलं नसतं.

वेळ मोजायची ती एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत. बऱ्याच जणी संपल्यापासून मोजतात आणि फोनवर चुकीचा आकडा सांगतात. पहिल्या बाळासाठी साधारण हिशोब असा: दर ५ मिनिटांनी, प्रत्येक कळ जवळजवळ १ मिनिटाची आणि असं सलग १ तास, की निघा. दुसरं-तिसरं बाळ असेल किंवा दवाखाना लांब असेल तर एवढं थांबू नका. आणि कृपा करून पहिल्या कळेपासून कळा मोजायचं ॲप उघडून बसू नका. मी बसले होते, सहा तास स्क्रीनकडे बघत, आणि खरं काम सुरू व्हायच्या आधीच थकले. सुरुवातीला अर्धा तास मोजा, सोडून द्या, नंतर बोलणं तुटायला लागलं की परत मोजा. कळ आल्यावर वाक्य पुरं करता येत नसेल तर ते ॲपपेक्षा जास्त खरं.

चिकट, जरासा गुलाबी स्राव गेला तर घाबरायचं नाही, तो कळांच्या काही दिवस आधीही जातो. पाणमोट फुटली तर मात्र कळा असोत नसोत फोन करायचा. सिनेमात फुटते तशी धो धो फुटेलच असं नाही, नुसतं झिरपतंही, लघवी झाली की काय असं वाटतं. पॅड लावा, वेळ लिहून ठेवा आणि रंग बघा. फिकट पिवळसर किंवा पाण्यासारखं असेल तर ठीक, हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आत शी केलेली असू शकते, लगेच निघायचं.

घरी थांबायचं ठरलं की पहिलं काम आराम. रात्र असेल तर झोपायचा खराखुरा प्रयत्न करा, कुशीवर, पायांत उशी घेऊन, झोप नाही लागली तरी दिवा बंद ठेवा. दिवस असेल तर रोजची कामं हळूहळू चालू ठेवा पण "चालून चालून कळा वाढवते" म्हणून दहा हजार पावलं मोजू नका, ती ताकद पुढे लागणार आहे. हलकं, पचायला सोपं थोडं थोडं खा, घोट घोट पाणी प्या, आणि तासा-दोन तासांनी लघवीला जा, जाणवत नसली तरी, भरलेलं मूत्राशय बाळाच्या वाटेत येतं. गरम पाण्याचा शॉवर कमरेवर घेतला की बरंच हलकं वाटतं. कंबर फारच दुखत असेल तर बाळाची पाठ तुमच्या पाठीकडे असू शकते, तेव्हा उताणं पडू नका, हातापायांवर ओणवं व्हा किंवा पलंगावर हात टेकून पुढे वाका आणि कुणालातरी माकडहाडाच्या वरच्या भागावर तळव्याने जोरात दाबायला लावा. नाजूक चोळणं नव्हे, दाबणं. पॅरासिटामॉल चालेल का हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, आयत्या वेळी रात्री तीनला विचारायला नको.

श्वासाचं फार शास्त्र करू नका. कळ येताना नाकाने आत, तोंडाने लांब बाहेर, आणि प्रत्येक वेळी खांदे आणि जबडा सैल सोडलाय का एवढंच बघा. घाबरलं की ॲड्रेनलिन हे हार्मोन वाढतं आणि कळा आणणारं ऑक्सिटोसिन हे हार्मोन त्याने दबतं, म्हणून अंधार, शांतता आणि ओळखीचं माणूस लागतं. हे लाड नाहीत, शरीराची गरज आहे.

सोबतच्या माणसाला आधीच कामं वाटून द्या. नवरा असो, आई, बहीण, मैत्रीण, जो कोणी शांत राहतो तो. पाणी पुढे करणं, कंबर दाबणं, कळा मोजणं, नातेवाइकांचे "झालं का" फोन परतवून लावणं (हे सगळ्यात मोठं काम), आणि दवाखान्यात फोन लावून देणं. पण बोलायचं तुम्ही, कारण कळ आल्यावर तुमचा आवाज कसा होतो ते पलीकडच्या सिस्टरला ऐकू आलं पाहिजे. काय सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर लावा: किती आठवडे, कितवं बाळ, कळा कधीपासून आणि किती मिनिटांनी, पाणी गेलं का, रक्त आहे का, बाळ हलतंय का. आणि एक वाक्य हक्काने म्हणा, "मला आता घरी भीती वाटतेय." ते खरं कारण आहे, लाजायचं नाही.

काही गोष्टींत मात्र थांबायचंच नाही, आकडे मोजायचे नाहीत, सरळ फोन आणि दवाखाना. पाळीसारखं लाल रक्त. बाळाची हालचाल कमी वाटणं (शेवटी बाळ कमी हलतं हे चूक आहे, हालचालीची पद्धत बदलते पण कमी व्हायला नको). ३७ आठवड्यांच्या आधी कळा. ताप. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, फासळ्यांखाली दुखणं. मधे न सुटणारं सलग दुखणं. पाणी गेल्यावर नाळ बाहेर आल्यासारखी वाटली तर गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून ढुंगण वर ठेवा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा.

तपासून परत पाठवलं तर उठायच्या आधी तीन गोष्टी विचारा: बाळाचे ठोके कसे आहेत, पिशवीचं तोंड पातळ झालंय का (नुसतं किती उघडलं एवढंच नाही), आणि नेमकं काय झालं की परत येऊ. दुसऱ्या वेळी मलाही एकदा परत पाठवलंच होतं, पण या वेळी सिस्टर म्हणाल्या बरंच पातळ झालंय, मग मी घरी येऊन चक्क दोन तास झोपले आणि परत गेले तेव्हा चार बोटं उघडलं होतं. आणि हो, परत आलात तर बॅग वर आणू नका, गाडीतच राहू द्या.