घसरलेला संघ सावरला कसा, याचा हिशोब मांडताना

सीझन संपला की फॅन लोकांच्या गप्पा ठरलेल्या असतात. संघ वर आला असेल तर "मी म्हटलंच होतं", खाली गेला असेल तर "मॅनेजरला हाकला". दोन्हींतून हाती काही लागत नाही. वाईट वर्षानंतर आपला संघ कसा उभा राहिला हे खरंच समजून घ्यायचं असेल तर वही घेऊन बसावं लागतं. त्या बसण्यात मॅच बघण्याइतकाच आनंद आहे, हे मी मनापासून सांगते.

मी दिंडोरीजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये हिशोब लिहिते, राहते गंगापूर रोडला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळणाऱ्या आर्सेनल या फुटबॉल क्लबची फॅन. धाकटा भाऊ, मामेभाऊ आणि शेजारची कॉलेजात जाणारी दोन मुलं असा आमचा गट आहे. पुढे दिलेली पद्धत आम्ही आर्सेनलसाठी वापरली. तुमचा संघ वेगळा असेल तर आकडे बदला, बाकी सगळं तसंच चालेल.

वही वाईट वर्षापासून उघडा

सुरुवात चांगल्या सीझनपासून करू नका. वाईट वर्ष घ्या, आणि त्याच्याही आधीचं एक. एका पानावर रकाने आखा: सीझन, क्रमांक, पॉइंट, केलेले गोल, खाल्लेले गोल. आमचं पान असं आहे:

२०१८-१९: ५ वा, ७० पॉइंट, ७३ केले, ५१ खाल्ले
२०१९-२०: ८ वा, ५६ पॉइंट, ५६ केले, ४८ खाल्ले
२०२०-२१: ८ वा, ६१ पॉइंट, ५५ केले, ३९ खाल्ले
२०२१-२२: ५ वा, ६९ पॉइंट, ६१ केले, ४८ खाल्ले
२०२२-२३: २ रा, ८४ पॉइंट, ८८ केले, ४३ खाल्ले
२०२३-२४: २ रा, ८९ पॉइंट, ९१ केले, २९ खाल्ले

आता क्रमांकाच्या रकान्यावर हात ठेवून बाकीचं वाचा. लागोपाठ दोन वर्षं आठवा नंबर म्हणजे संघ जागचा हलला नाही, असं सगळे म्हणत होते. पण खाल्लेले गोल ४८ वरून ३९ वर आले होते. मिकेल आर्टेटा डिसेंबर २०१९ मध्ये मॅनेजर म्हणून आला, २०२०-२१ हा त्यानंतरचा पहिला पूर्ण सीझन. डिफेन्स आधी सावरला, गोल नंतर आले. नुसता क्रमांक बघणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

मग पुढच्या वर्षी परत ४८ कसे? असा आकडा खटकला की तिथेच थांबा आणि तो फोडा. २०२१-२२ च्या पहिल्या तीन मॅच: ब्रेंटफर्डकडून ०-२, चेल्सीकडून ०-२, मँचेस्टर सिटीकडून ०-५. म्हणजे नऊ गोल तिथेच गेले, एकही केला नाही, आणि संघ टेबलच्या तळाला, विसाव्या नंबरवर. हे नऊ बाजूला काढले की उरलेल्या ३५ मॅचमध्ये ३९ गोल. चित्र बदलतं. ते नऊ गोल विसरायचे मात्र नाहीत, वहीत वेगळ्या ओळीवर राहू द्यायचे.

सीझनचे तुकडे पाडा

पूर्ण वर्षाची बेरीज बरंच काही लपवते. २०२०-२१ चे दोन भाग करून बघा. पहिल्या १४ मॅचमध्ये १४ पॉइंट, चार विजय, आठ पराभव, पंधरावा नंबर. नंतरच्या २४ मॅचमध्ये ४७ पॉइंट. हा दुसरा वेग पूर्ण वर्ष धरला तर ७४ च्या आसपास जातो. आठव्या नंबरच्या त्या सीझनच्या पोटातच एक चांगला सीझन दडलेला होता.

तुकडा कुठे पाडायचा हे शोधणं हाच यातला सगळ्यात रंगणारा भाग. आमचा तुकडा पडतो २६ डिसेंबर २०२० ला. चेल्सीविरुद्धची मॅच आपल्याकडे रात्री अकराला सुरू होणार होती, आणि नाशिकमध्ये तेव्हा रात्री अकरापासूनच संचारबंदी. त्यामुळे जो तो आपापल्या घरी, आणि गप्पा फोनवर. त्या दिवशी १९ वर्षांचा साका, २० वर्षांचा स्मिथ रो आणि १९ वर्षांचा मार्टिनेली एकत्र सुरुवातीपासून खेळले. लाकाझेटची पेनल्टी, झाकाची फ्री किक, साकाचा गोल, ३-१.

पण त्या रात्रीने सगळं बदललं असं लिहू नका. त्यानंतरही युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या सेमीफायनलमध्ये व्हियारियालकडून हार झाली, २५ वर्षांत पहिल्यांदाच युरोपातल्या स्पर्धेत जागा मिळाली नाही, आणि वर सांगितलेले ते नऊ गोल तर आठ महिन्यांनी पडले. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते तेव्हा द्राक्षबाग उघडीबोडकी दिसते, बघणाऱ्याला वाटतं काहीच उरलं नाही. पुढच्या हंगामाचा घड मात्र त्यानंतर फुटणाऱ्या काडीतच धरतो. दिसतो तो थेट ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. म्हणून वहीत दोन वेगळ्या खुणा करा: बदल कधी झाला, आणि तो टेबलमध्ये कधी दिसला. आर्सेनलच्या बाबतीत या दोन खुणांमध्ये जवळपास दोन वर्षांचं अंतर आहे.

एकाच मैदानावरच्या दोन मॅच बघा

हायलाइट्स बघून काही कळत नाही, त्यात फक्त गोल असतात. एक हरलेली आणि एक जिंकलेली मॅच पूर्ण नव्वद मिनिटं बघा. जमलं तर तोच प्रतिस्पर्धी, तेच मैदान. आम्ही ब्रेंटफर्डच्या मैदानावरच्या दोन निवडल्या. १३ ऑगस्ट २०२१ ची ०-२, जी आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला सुरू झाली होती. आणि १८ सप्टेंबर २०२२ ची ३-०, रविवारी दुपारी साडेचारची.

मध्ये तेरा महिने. दोन्ही वेळा सुरुवातीच्या अकरात असलेले फक्त चौघे: बेन व्हाइट, टिअर्नी, झाका, मार्टिनेली. त्यातही व्हाइट पहिल्या मॅचला मधल्या डिफेन्समध्ये होता, दुसऱ्या वेळी राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा डिफेंडर. झाका पहिल्यात मागे बसून खेळत होता, दुसऱ्यात डाव्या बाजूने पुढे घुसत होता. नवीन खेळाडू आले की संघ बदलतो हे कुणीही सांगेल. तोच खेळाडू चार पावलं सरकवला की काय होतं, हे अशा जोडीतूनच डोळ्यांना दिसतं.

आणखी एक गोष्ट. पहिल्या मॅचमधला दुसरा गोल लांब थ्रो-इनवर, हेडरने खाल्ला. दुसऱ्या मॅचमधला पहिला गोल डिफेंडर सालिबाने कॉर्नरवर हेडरने केला. सेट पीसचा (कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन अशा थांबलेल्या बॉलवरच्या खेळाचा) कोच निकोला जोव्हेर २०२१ च्या उन्हाळ्यात सिटीकडून आला होता. हे नाव आमच्या वहीत मोठ्या अक्षरात आहे, कारण कोचच्या हाताखालची माणसं सहसा कुणाच्या गप्पांत येत नाहीत.

बघताना प्रत्येकाने एकच गोष्ट मोजायची. भाऊ बॉल कुठे हरवला ते टिपतो, मामेभाऊ गोलकीपरने बॉल कुणाकडे दिला ते. सगळं मोजायला गेलात तर मॅच बघायचीच राहून जाते.

उशिरा कळलेल्या माणसांचं पान

हे पान मला सगळ्यात प्रिय आहे. सालिबाला आर्सेनलने २०१९ मध्ये घेतलं. सेंट-एतियेन, नीस, मार्सेय या फ्रेंच क्लबांत उसना असा फिरत फिरत तो लीगमधली पहिली मॅच खेळला ऑगस्ट २०२२ मध्ये. तीन वर्षं लोक विचारत होते, ह्याला घेतलंच कशाला?

आणि ग्रॅनिट झाका. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध आपल्याच मैदानावर आपल्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली, कॅप्टनपद गेलं. तो थांबला. २०२२-२३ मध्ये लीगमध्ये सात गोल केले, त्यातले दोन शेवटच्या दिवशी वुल्व्ह्सविरुद्ध. मग जर्मनीतल्या लेव्हरकुसेनला गेला आणि तिथे पहिल्याच वर्षी एकही मॅच न हरता लीग जिंकणाऱ्या संघात होता. संघ सावरला याचं श्रेय मांडताना असा माणूस सुटला तर तो हिशोब मला अपुरा वाटतो. तुमच्याही संघात असा कुणीतरी असतोच, नीट शोधा.

पैसा आणि नशीब, दोन्ही लिहा

डेक्लन राइस २०२३ मध्ये १० कोटी पौंडांना आला, वर ५० लाखांची जोड. त्या वर्षी खाल्लेले गोल ४३ वरून २९ वर आले. हे नाकारायचं कारण नाही. पण त्याच रकान्यात २०१९ चा पेपेही लिहा. ७ कोटी २० लाख पौंड, क्लबचा तेव्हाचा विक्रम, आणि त्यानंतर दोन वर्षं आठवा नंबर. याउलट २०२१ मध्ये घेतलेले सहाही जण तेवीस किंवा त्याहून कमी वयाचे होते. त्यातले व्हाइट, रॅम्सडेल आणि ओडेगार्ड पुढे संघाचा कणा झाले. किती खर्च केला याच्या शेजारी कुणावर केला हा रकाना नसेल, तर पैशाचं पान उपयोगाचं नाही.

नशिबाचं पान छोटंच असतं. आमच्या पानावर ठळक नोंद एक: २०२१-२२ मध्ये युरोपातल्या मॅच नसल्यामुळे मिळालेली विश्रांती आणि सराव. तोटा म्हणून सुरू झालेली गोष्ट होती ती.

दुखलेलं पानही भरा

संघ सावरला म्हणजे जिंकलाच असं नाही. २०२३ च्या मार्चमध्ये सालिबाला दुखापत झाली. एप्रिलमध्ये लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर २-० वरून २-२, वेस्ट हॅमकडे २-० वरून २-२, तळाच्या साउदॅम्प्टनशी घरच्या मैदानावर ३-३, मग सिटीकडून १-४. सीझनमध्ये २४८ दिवस टेबलच्या टोकाला राहून दुसरा नंबर. साउदॅम्प्टन आणि सिटीच्या त्या दोन मॅच आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराच्या होत्या, आणि आमच्या पॅकहाउसमध्ये हंगामाच्या शेवटच्या कंटेनरची धावपळ. ते दिवस मला अजून जड वाटतात. तरी ही ओळ गाळू नका. पुढच्या वर्षी राइस का आला, डिफेन्सला पर्यायी माणसं का घेतली, याचं उत्तर याच ओळीत आहे.

बैठक

वही भरली की सगळ्यांना एकत्र बसवा. आम्ही मे-जूनमधला रविवार धरतो, सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत, मखमलाबादच्या बाजूला मिसळ खायला. आधी मिसळ, मग वही. गटात सगळ्यात नवा फॅन पहिल्यांदा बोलतो आणि सगळ्यात जुना शेवटी, नाहीतर नवी मुलं जुन्यांचंच मत घोळवत बसतात. कुणी ठाम काही म्हणालं तर वहीतला आकडा किंवा मॅचमधलं मिनिट दाखवायचं. पटलं नाही तर दोन्ही मतं लिहून ठेवायची, निकाल लावायची घाई नको.

आणि दुसऱ्या क्लबचा एक माणूस जरूर बोलवा. आमच्याकडे चेल्सीवाला एक मावसभाऊ येतो. आपला संघ समोरच्याला केव्हापासून अवघड वाटू लागला हे त्याच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही.

बैठक उठण्याआधी पुढचं पान उघडा. आमचं २०२४-२५ चं पान असं सुरू होतं: पुन्हा २ रा, पण ७४ पॉइंट, ६९ केले, ३४ खाल्ले. केलेले गोल ९१ वरून ६९. मामेभाऊ म्हणतो दुखापती, साका डिसेंबरमध्ये गेला, जेसूस जानेवारीत, हावर्ट्झ फेब्रुवारीत. शेजारची मुलगी म्हणते, स्ट्रायकर आधीच घ्यायला हवा होता. मला दोघांचंही अर्धं पटतं. साका नसतानाच्या मॅच वेगळ्या काढून गोल मोजल्याशिवाय पुढे बोलता येणार नाही, आणि ते काम या वेळी भावाने घेतलं आहे.