जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने उष्णकटिबंधीय रोगांच्या संशोधनाकडे कसे वळावे

मुंबईतील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या अनेकांना मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस यांवर काम करावेसे वाटते, परंतु वैद्यकीय पदवी नसल्यामुळे ते मागे राहतात. तसे वाटून घेण्याचे कारण नाही. 1896 साली मुंबईत प्लेग शिरल्यावर ज्यांनी त्यावरची लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली, ते वाल्देमार हाफकिन प्राणिशास्त्रच शिकलेले होते; परळची हाफकिन संस्था 1899 साली त्यांच्याच प्लेग प्रयोगशाळेच्या रूपाने सुरू झाली.

महागड्या उपकरणांसाठी थांबू नये. पावसाळ्यापूर्वी महाविद्यालयाच्या परिसरातील एखादी चाळ किंवा वस्ती निवडावी, रहिवाशांची परवानगी घ्यावी आणि विद्यार्थ्यांसह घरोघरी जाऊन पिंपे, टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या व फ्रीजमागचा ट्रे डासांच्या अळ्यांसाठी टॉर्चच्या उजेडात तपासावा. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहणारी अळी ॲनोफेलिस डासाची, तर श्वासनळी वर ठेवून डोके खाली लोंबकळणारी अळी एडिस (डेंग्यू पसरवणारा डास) किंवा क्युलेक्स डासाची असते. नेमकी प्रजाती मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच ठरवावी. प्रत्येक घराची आणि प्रत्येक भांड्याची वेगळी नोंद ठेवावी. समजा 50 घरांत मिळून 10 भांड्यांमध्ये एडिसच्या अळ्या आढळल्या, तर दर 100 घरांमागे अशी 20 भांडी होतात; यालाच ब्रेटो निर्देशांक म्हणतात. हीच पाहणी ठरावीक अंतराने केली, तर ऋतूनुसार होणारा बदल आकड्यांत दिसू लागतो.

प्रश्न निवडताना रोगामागचे जगणेही पाहावे, कारण माझ्या मते जीवशास्त्रज्ञ सर्वाधिक कमी पडतात ते येथेच. जेथे नळाला दिवसातून थोडाच वेळ पाणी येते, तेथे पिंप भरून ठेवण्यावाचून कुटुंबाला गत्यंतर नसते, त्यामुळे ‘पाणी साठवू नका’ हा सल्ला निरर्थक ठरतो. एडिसची मादी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या आतल्या बाजूस अंडी चिकटवते आणि ती अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून पिंप नुसते रिकामे करून भागत नाही. ते आठवड्यातून एकदा आतून घासावे लागते आणि त्यावर घट्ट झाकण लागते. मलेरिया पसरवणारा ॲनोफेलिस स्टीफेन्सी विहिरींत आणि गच्चीवरच्या टाक्यांत वाढतो, तेव्हा तेथे गृहनिर्माण सोसायटीचे पदाधिकारीच सोबत घ्यावेत.

पुढील टप्प्यात साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्राचे रीतसर शिक्षण घ्यावे. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक्रम आहेत. रुग्णांशी संबंधित प्रश्न एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या कम्युनिटी मेडिसिन विभागाबरोबरच हाताळावेत. रक्ताचा एकही नमुना नीतिमत्ता समितीच्या मंजुरीशिवाय घेऊ नये आणि संमतीपत्र रहिवाशांच्या भाषेत, सोप्या शब्दांत लिहून त्यांना वाचून दाखवावे.

शोधनिबंध छापून येण्यास बराच काळ लागतो, डेंग्यूला मात्र तेवढा वेळ लागत नाही. म्हणून अळ्या सापडल्याची माहिती त्याच दिवशी संबंधित कुटुंबाला आणि महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयातील कीटकनाशक विभागाला कळवावी, आणि पुढच्या फेरीत ते पिंप पुन्हा तपासावे.