व्हिक्टोरियन महोगनी टेबलाचं फ्रेंच पॉलिश कसं सावरावं

इंग्लंडमधल्या व्हिक्टोरियन मध्यमवर्गीय घरांत महोगनी टेबलं आणि कपाटं बहुधा फ्रेंच पॉलिशचीच असत, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पातळ थर एकावर एक चढवलेले. असं टेबल खरवडून नवं करू नका. वर्षानुवर्षांच्या उजेडाने आलेला रंग लाकडाच्या वरच्या थरातच असतो, घासला की गेला. शिवाय वरची महोगनी पुष्कळदा पाइनवर सरसाने चिकटवलेलं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, असते. सँडर फिरवला तर ती आरपार जाते, आणि पाणी मुरलं तर सरस सुटून फुगे येतात.

आधी पायाच्या मागच्या बाजूला टर्पेंटाइनने मेण पुसा आणि तिथे मेथिलेटेड स्पिरिटचा एक थेंब लावा. मिनिटभरात जागा चिकट झाली तर पॉलिश लाखेचं आहे. झाली नाही तर नंतर कुणीतरी वार्निश मारलेलं असणार, आणि तिथे ही रीत चालणार नाही.

लाख असेल तर सगळा पृष्ठभाग टर्पेंटाइनने पुसून घ्या. कोळशाच्या शेगडीची काजळी मेणात अडकून राहते, त्यामुळे फडकं काळं होणारच.

एक लिटर मेथिलेटेड स्पिरिटला 240 ग्रॅम चपडा लाख पुरते. बरणी काचेची घ्या, लोखंडाने द्रावण काळवंडतं. दिवसभर अधूनमधून हलवा, मलमलीतून गाळा आणि बरणीवर तारीख लिहा. सहा महिन्यांहून जुनं द्रावण वापरू नका, ते नीट वाळत नाही आणि थर मऊच राहतो.

आता बोळा. बरीचशी कसोटी इथेच आहे. आत कापूस, बाहेर धुवून मऊ झालेलं, धागे न सुटणारं सुती कापड. तळाला एकही सुरकुती नको, तिचा ओरखडा उमटतो. द्रावण कापड उघडून आतल्या कापसावर ओता आणि कागदावर दाबून जास्तीचं काढा. बोळा विमान उतरावं तसा सरकता टेकवा आणि सरकताच उचला. एका जागी थांबलात तर खालची लाख विरघळून चिकटते आणि थर फाटतो. आधी लहान गोल, मग इंग्रजी आठचा आकार, शेवटी लाकडाच्या रेषांच्या दिशेने सरळ. ओढ लागू लागली की तळाला अळशीच्या तेलाचा एकच थेंब. एका बैठकीत थोडेच फेरे घ्या आणि रात्रभर वाळू द्या. घाई केल्यास वरचा थर आक्रसतो.

पांढुरकी झाक आली तर हवा दमट आहे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि बाष्प लाखेत अडकतं. कोरड्या दिवसाची वाट पाहा. गरम कपाची पांढरी वलयंही अशीच होतात. स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा चपळाईने फिरवला की ती जातात. काळा डाग मात्र लाकडात उतरलेला असतो, तो पॉलिशने निघत नाही.

शेवटी तेल काढायचं. नव्या बोळ्यात स्पिरिट इतकंच घ्या की हाताच्या पाठीला गार लागेल पण ओलं नाही. रेषांच्या दिशेने हलके हात मारा. तेल राहिलं तर काही दिवसांत पृष्ठभाग घामेजल्यासारखा दिसतो.

काम चालू असताना खोलीत ज्योत नको, खिडक्या उघड्या हव्यात. अळशीच्या तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. बाहेर पसरून पूर्ण वाळवा आणि मगच फेका.